जुना रस्ता बंद होण्याआधी

प्रिय स्नेहल,

सप्रेम जयभीम. रविवारी तुझा मेसेज आला, ‘अप्पा, आपल्या ट्रकच्या गेमचा पाचवा भाग कधी येईल? तुमचा अंदाज सांगा, आला की नव्या कॉम्प्युटरसकट पाठवते.’ उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण टाइप करायला गेलो की माझं बोट एकाच वेळी तीन अक्षरांवर पडतं, आणि फोन लावला की आपण दोघंही ‘बरं आहे, जेवण झालं का’ एवढ्यावर मोकळे होतो. म्हणून कागदावर लिहितोय, फोटो काढून पाठवीन. माझ्या अक्षराला हसत बसू नकोस, नीट लावून वाच.

हुमनाबादेत सध्या मी मोठा जाणकार समजला जातो. बसस्टँडसमोरचा मोबाइल दुकानवाला गुरुशांतप्पा मी दिसलो की स्टूल पुढे सरकवतो आणि विचारतो, ‘अण्णा, नवा भाग कधी यायलाय?’ चौथ्या भागाच्या वेळी सगळे उन्हाळा उन्हाळा म्हणत होते, मी एकटा म्हणालो दसऱ्यानंतर, आणि तो दसऱ्यानंतरच आला. तेव्हापासून हा मान. यात विद्या काही नाही गं. पुणे-हैदराबाद लॉरी हाकण्यात जन्म गेला. नवं मॉडेल यायचं असलं की कंपनी जुन्याचे पार्ट वेळेवर देत नाही, आणि शोरूमवाला एकाएकी गोड बोलायला लागतो. गेमवाले तरी काय वेगळे? वर्षभरात त्यांनी नकाशात एक नवं गाव जोडलेलं नाही, आणि गाड्यांचे रंग मात्र फुकट वाटायला काढलेत. शिवाय नवा भाग ते नेहमी तिकडची थंडी सुरू होताना काढतात, लोक घरात कोंडलेले असताना. इंटरनेटवर कुणीतरी चोरून मिळवलेला फोटो फिरतोय, त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

तुझी आई गेली, गुडघ्यांनी हात टेकले आणि लॉरी चालवणं सुटलं, सगळं एकाच वर्षात. आयर्लंडला परत जाताना तू कॉम्प्युटर आणि ते स्टिअरिंग टेबलाला आवळून दिलंस. शेजारची मल्लेश्वरी म्हणाली, ‘ह्या वयात गेम कामून खेळायलाव, अण्णा?’ मलाही लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या रविवारी गेममधल्या रस्त्यावर तू तिकडून चालवत असलेली निळी गाडी दिसली, मागे ‘स्नेहल, हुमनाबाद’ असं मराठीत रंगवलेलं, आणि मला इतकं बरं वाटलं की भात करपला तरी उठलो नाही.

आणि माझा तो इंडिकेटर आठवतो ना? आपल्याकडे मागच्याला ‘ये पुढे, रस्ता मोकळा आहे’ सांगायला ड्रायव्हर उजवा इंडिकेटर दाखवतो. मी गेममध्येही सवयीने दाखवत राहिलो. ते परदेशी बिचारे समजायचे मी वळतोय, आणि करकचून ब्रेक मारायचे. एकदा माझ्यामागे सहा ट्रक एकमेकांवर चढले, लोकांनी तक्रार केली आणि कंपनीने मला आठवडाभर हाकलून दिलं. तू फोनवर हसून हसून बेजार. त्या अख्ख्या रस्त्यावर माझी साइड कळणारी तू एकटी होतीस. मी इंडिकेटर दाखवला की तू पुढे निघायचीस आणि दोनदा हॉर्न द्यायचीस. बोलणं असं काही व्हायचं नाही, पण माझा रविवार भरून जायचा.

आता जे लिहितोय ते वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. तुला वाटत असेल मला माहीत नाही. जयंतीच्या आसपास तुझी गाडी माझ्या पुढे गेली आणि हॉर्न वाजला नाही. वाटलं, घाईत असेल पोर. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मग गुरुशांतप्पाने सांगितलं की मालक खेळायला आला नाही तर त्याची गाडी कंपनीचा कॉम्प्युटर चालवतो, त्याच नावाने, त्याच रंगात, रस्ते ओस दिसू नयेत म्हणून. तुला दोष देत नाही. नोकरी आहे, तुझं घर आहे, दिवसाचे तास तुलाही तेवढेच. पण मी अजून त्या गाडीच्या मागे जातो, आता तर रोजच जातो. आज ज्वारीची भाकरी जमली, मल्लेश्वरीने अंबाडीची भाजी दिली, असं काहीबाही तिला सांगतो. ऐकणारं कुणी नाही हे कळतं मला. तरी नाव दिसतं तुझं.

गेल्या वेळी चौथा भाग आला, त्याच दिवशी तिसऱ्याचे रस्ते कायमचे बंद केले होते. यंदाही तेच होणार, आणि तुझी ती निळी गाडीही त्या रस्त्यांबरोबर जाणार. म्हणून लोकांना मी सांगत सुटलोय, अजून वर्ष तरी जाईल. गुरुशांतप्पाला शंका आलीय. परवा म्हणाला, ‘अण्णा, तुमी मुद्दाम लांबवायलाव.’ लांबवणं माझ्या हातात कुठे आहे? पण तू विचारलंस, तर तुला खरा अंदाज सांगतो. नवा भाग दिवाळीच्या आत येईल.

एवढं सांगायला इतका कागद लागला नसता. लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. पाचवा भाग पाठवू नकोस, कॉम्प्युटरही नको. नव्या रस्त्यावर मी कुणाच्या मागे जाऊ? मी फार एकटा पडलोय, स्नेहल. हे तोंडाने सांगायचं जमत नाही. त्यापेक्षा तू स्वयंपाकाला लागशील तेव्हा मला फोन लाव आणि ओट्यावर ठेवून दे. काही विचारायचं नाही, मला रमवायचं तर अजिबात नाही. तू भाजी चीर, नळ सोड, जावयाशी भांड. मी इकडे गप्प ऐकत बसेन.

तुझाच,
अप्पा