जेवणानंतरचं सत्र

९ जानेवारी २०२५, गुरुवार

छापून आली एकदाची! वऱ्हाडातल्या लेखकांच्या संमेलनाची पत्रिका. एक वर्ष अकोला, एक वर्ष अमरावती — यंदा आपल्याकडे. मागच्या पानावर सगळ्यात खाली, नेहमीसारखं बारीक अक्षरात आमचं नाव: 'मंडप सौजन्य — शालिकराम बिछायत केंद्र, राजापेठ'. आपली पाळी असली की ही ओळ मी आधी पाहते. यंदा आधी आतलं पान उघडलं. नवे कथाकार. तिसरं नाव अश्लेषाचं. माझ्या पोरीचं! दिवसभर शिकवणी वर्गात गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात वऱ्हाडी बोलीत गोष्टी लिहिते.

ह्यांनी पत्रिका आमच्या गाडीच्या काचेला आतून चिकटवली. बोलले काही नाहीत. हे बोलतात कुठे.

मग मी वेळ पाहिली. रविवार, दुपारी अडीच. म्हणजे जेवणानंतर. वांग्याची भाजी आणि बुंदी पोटभर खाल्लेला माणूस गोष्ट ऐकत नाही, आडवं व्हायला जागा शोधतो. वीस वर्षं मांडव घालतेय, मला कोणी सांगायला नको.

१३ जानेवारी, सोमवार

संमेलनाचे कार्याध्यक्ष वामनराव वकील घरी येऊन गेले. "सत्यवतीबाई, यंदा खुर्च्या दणकून लावा. मागच्या वर्षी अकोल्यानं आपलं नाक कापलं." मी हो म्हटलं. वकिलांना हो म्हणायचं आणि आपल्याला करायचं तेच करायचं.

धंद्यातली गोष्ट आहे. खुर्च्या नेहमी कमी लावाव्यात. निम्म्या मांडवात, निम्म्या गाडीत. दहा माणसं उभी दिसली की दोन रांगा उतरवायच्या. दुसऱ्या दिवशी गावभर होतं — काय गर्दी, खुर्च्या पुरल्या नाहीत! आणि जास्त लावल्या तर? रिकामी खुर्ची वाचणाऱ्याला खाते. मी भल्याभल्यांचे आवाज बसताना पाहिलेत. अश्लेषाच्या वेळी तर आणखीच कमी लावीन. जरा दूर दूर.

१७ जानेवारी, शुक्रवार

भांडण झालं. संध्याकाळी ती मैदानावर आली. रांगांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. गोदामात खेळून मोठी झालेली पोर, तिला काय कळत नाही!

"माह्यासाठी कमी लावून राहिली ना तू?"

मी म्हटलं, "तुह्या भल्यासाठीच लावून राहिली."

"मले रिकाम्या खुर्च्यांचं भेव नाही, आई. तुलेच हाये. साऱ्या लाव."

चार माणसांसमोर! तोंडाची फटकळ आहे. कोणावर गेली ते सांगायला नको. रागारागात सगळ्या उतरवल्या. रांगा संपेनात.

पण बोलली ते आवडलं मला. तिला सांगितलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

उद्घाटनाला मांडव तुडुंब. अकोल्याचा विपुल आला होता. त्याचंही तिकडे बिछायत केंद्र आहे, पुढच्या वर्षी मांडव त्याचा. म्हणाला, "काकू, साऱ्या लावल्या? कमी लावाचं तर तुमीच शिकवलं मले." म्हटलं, गप्प बस आणि जेवून जा.

उद्या अडीच.

१९ जानेवारी, रविवार

एकशे साठ माणसं! कमी नाही, जास्त नाही. मी स्वतः मोजली.

अडीचला वीस-पंचवीस डोकी होती, त्यातली निम्मी पेंगत होती. मी माझ्या नेहमीच्या जागी, मागच्या खांबाला टेकून उभी. पहिल्या दोघांनी घाईघाईत वाचून टाकलं. मग अश्लेषा उठली. पाणी प्यायली, सगळ्या खुर्च्यांवरून निवांत नजर फिरवली आणि अशी वाचायला लागली जणू मांडव भरलाय. मान ताठ. जेवणाच्या मांडवातून एकेक जण हात पुसत येऊ लागला. येणारा बसत होता. बसलेला उठत नव्हता.

तेवढ्यात अकोल्याच्या प्रमोदिनीबाई आल्या. जुन्या लेखिका, हातात काठी. पहिल्या रांगेत एकच खुर्ची रिकामी, तिच्यावर अश्लेषाची जांभळी ओढणी. मी धावत जाऊन ओढणी उचलली, खांद्यावर टाकली, बाईंना बसवलं. पाहुण्यांचं आधी. परत खांबाशी येऊन मोजायला लागले. मधेच लोक मोठ्यानं हसले, माझा आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

शेवटी टाळ्या थांबेनात. वामनराव माझ्याकडे आले. "बाई, जेवणानंतर एवढी माणसं मी आजवर पाहिली नाहीत." मला रडू आलं. सगळ्यांसमोर रडले, लाज नाही वाटली.

परतताना गाडीत अश्लेषानं विचारलं, "आई, गोष्ट कशी वाटली?"

मी म्हटलं, "एकशे साठ लोक होते!"

ती म्हणाली, "म्या गोष्ट विचारली."

"छान होती," म्हटलं. तिनं माझ्या खांद्यावरची ओढणी काढून घेतली आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

२० जानेवारी, सोमवार

सकाळपासून खुर्च्या धुणं. हे पाइप धरून, मी फडकं घेऊन. कालचं टोचत होतं. शेवटी विचारलंच, "गोष्टीत काय होतं हो?"

ह्यांनी पाइप खाली ठेवला. "तू आयकली नाही?"

"मोजत होते."

हे तिसऱ्या रांगेत बसले होते म्हणे! मला दिसलेच नाहीत. म्हणजे मोजलं त्यात नवराही मोजून टाकला.

आणि मग हा न बोलणारा माणूस बोलायला लागला. "एक लहान पोरगी राह्यते. तिच्या मायचा आपल्यासारखा धंदा. लोकाच्या लग्नात माय दिवसभर उभीच. तर थे पोरगी एक खुर्ची धरून बसते. कोनाले बसू देत नाही. म्हनते, माह्या मायची हाये. लोक हासतात. मंग माय येते —"

"बसते?"

"कायची बसते. थे खुर्ची उचलते अन् वरमायले नेऊन देते."

मी फडकं पिळत राहिले. पिळून कोरडं झालं तरी पिळत राहिले.

"अन् पोरगी?"

"थे बी उभी राह्यते. मायजवळ."

ह्यांनी पाइप उचलला. माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं केलं. काल मी ओढणी उचलली तेव्हा तिनं वाचता वाचता एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. मला वाटलं, गर्दी पाहतेय.

पोरीनं एकशे साठ माणसं जागी ठेवली. अभिमान आहे, मरेपर्यंत राहील. पण त्यातली एक मी नव्हते.

२८ डिसेंबर, रविवार

अकोल्याहून विपुलचा फोन. "काकू, शनिवारी उद्घाटन झाल्याबरोबर पहिलं सत्र अश्लेषाताईचं हाये, एकटीचं. किती खुर्च्या लावू?"

म्हटलं, ते तुझं तू पाहा बाबा. फक्त पहिल्या रांगेत एक धरून ठेव. कितीही मोठा पाहुणा आला तरी देऊ नको. मी बसणार आहे.