मागची सीट

ताई,

मी एकटीच येणार, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चुकलं, म्हणून दुरुस्त करते. आईही येतेय!

बाबांनी मागे ठेवलेली मोटारसायकल मी लांबच्या प्रवासासाठी तयार करत होते. त्यांनी शिकवलं तसं ऑइल बदललं, साखळी ताणली, ब्रेक पुन्हा पुन्हा तपासले. आई भाजी निवडत नुसती बघत होती. तुझ्या लग्नापासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही, म्हणून तुझ्याकडे निघालेय एवढंच सांगून मीही पुढे तुझा विषय काढला नव्हता. अचानक ती उठली आणि स्टँडवरच्या गाडीवर मागे जाऊन बसली.

"ही सीट फाटलीय. शिवून आण."

"अगं, तिथे सामान बांधायचंय."

"सामान टाकीवर बांध. इथे मी बसणार."

मी हसतच सुटले. आई मात्र हळूच म्हणाली, "तिला कळवू नकोस. नको म्हणाली तर?"

तू नको म्हणणार नाहीस, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. तुला न विचारताच. पत्र टाकणार नाही असा शब्द दिलाय, म्हणून हे खिशात घालूनच आणते. सीट शनिवारी शिवून मिळेल. रविवारी उजाडताच आम्ही निघतो.

तुझी,
धाकटी