ही गाडी आता कुठं जाणार नाही

४ फेब्रुवारी

गाडी आली. ट्रॅक्टरनं ओढत आणली रांजणगावच्या मागं, सलीमभाईच्या मामूंच्या मोकळ्या प्लॉटवर. इंजिन आधीच काढलेलं. चाकं भंगारवाल्यानं संध्याकाळी नेली. खाली सिमेंटचे ठोकळे, त्यावर गाडी. बसली गप.

वाळूजला कंपनीत लागलो तेव्हापासून ह्याच बसनं शिफ्टला जायचो. ठेकेदारानं नवी घेतली, ही भंगारात टाकली, ती मी घेतली. डावीकडची शेवटून दुसरी खिडकी माझी ठरलेली होती. आता सगळ्याच माझ्या.

सलीमभाई वेल्डर, खुलताबादचा, माझ्याच लाइनला. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, पत्र्यावर थाप मारली, म्हणाला, "मियाँ, घर बनारे कि होटल?" म्हणलं घर. "हौ. नक्शा कां है?" म्हणलं डोक्यात. त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं नि बिडी पेटवली.

सासऱ्याला कळवलं नाही. कळंलच.

६ फेब्रुवारी

फर्स्ट शिफ्ट करून परत येताना जुनी खोलीमालकीण भाजीच्या गाड्यावर भेटली. हसत म्हणे, गाडीत राहणार म्हणे तुम्ही? म्हणलं व्हय, तिथं पाणी किती सांडलं ते मोजायला कोणी नाही.

लगेच डोकं तापलं. गेल्या वर्षी कावेरीला हिच्याच खोलीत आणलं होतं. नवी नवरी. दोन महिने झाले नाहीत तर बाईनं आमची भांडी बाहेर ओट्यावर मांडून ठेवली. पाणी जास्त लागतं म्हणे तुमच्या बायकोला. नेमका सासरा त्याच दिवशी भेटायला आलेला. त्यांनी ओट्यावरची भांडी बघितली, लेकीकडं बघितलं. मला एवढंच म्हणाले, "जावईबापू, स्वतःचं दार झालं की न्यायला या." आणि तिला घेऊन सोयगावची गाडी धरली.

तेव्हापासून मी परत सहा पोरांच्या खोलीत. जो शिफ्टला जाईल त्याच्या सतरंजीवर दुसरा झोपतो. कावेरी तिकडं बापाकडं. लोक विचारतात तिला, नवऱ्यानं टाकली का म्हणून.

प्लॉट घेऊन बांधणं माझ्या ह्या जन्मात होत नाही. आणि भाड्याची खोली आता घेत नाही म्हणजे नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सीटा काढल्या. बोल्ट गंजून एकजीव. रॉकेल ओतलं, थांबलो, परत ओतलं. पाना घसरून बोटाचं साल गेलं. शेवटी छिन्नीनं डोकी उडवली. ही कामं शाळेत शिकवत असते तर सातवीच्या पुढं गेलो असतो.

सीटांखाली शेंगदाण्याची टरफलं, गुटख्याच्या पुड्या, एक डब्याचं झाकण, एका पायाची चप्पल. कोण उतरलं असंल एका चपलेवर?

सगळं झाडून मधे उभा राहिलो. लांबलचक. आमच्या खोलीच्या तिप्पट तरी. हात पसरले तर दोन्हीकडं पत्रा लागत नाही. बराच वेळ नुसता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो.

सलीमभाईनं दोन सीटा ठेवायला लावल्या. पाहुणे आले तर बसतील कशावर म्हणे.

१३ फेब्रु.

सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी कामाला लागलो. खाली लवून लादी खरवडत होतो तर पायरीवर आवाज. एक म्हातारी गाठोडं घेऊन वर चढली, ठेवलेल्या सीटवर बसली. म्हणलं आजी, कुठं?

"गंगापूरला. कधी सुटंल?"

म्हणलं सुटत नाही, घर हाये हे.

तिनं इकडं तिकडं बघितलं. "मंग बोर्ड कशाला ठिवला रं बाबा?"

खरंच, पुढच्या काचेत कंपनीचा बोर्ड तसाच होता. तिला पाणी दिलं, रस्त्यापर्यंत गाठोडं नेऊन दिलं. जाताना म्हणे, बायको कुठंय? म्हणलं येणार हाये. "आधी बोर्ड काढ," म्हणाली.

काढला.

१७ फेब्रु.

कंपनीत सगळ्यांना कळलं. कँटीनमधे मी दिसलो की घंटी वाजवतात ताटलीवर. एकजण म्हणे, भगवान कंडक्टर, एक फुल दोन हाफ दे. सुपरवायझर पण हसला. हसा. तुमच्या घराचे हप्ते वीस वर्षं चालतील, माझं घर पुसून स्वच्छ उभं हाये.

एसटीडीवरून दादाला फोन. दादा म्हणजे थोरला भाऊ, गावाकडं असतो. त्याला वाटतं मी कधी एका जागेवर टिकलो नाही, कंपन्या तीन सोडल्या, आता घर पण चाकाचं घेतलं. म्हणलं चाकं काढलीत.  दादा म्हणाला, तुझ्या सासऱ्याला बाजारात कोणीतरी सांगितलं. सगळ्यांसमोर म्हणले, माझी लेक मी फिरस्त्याला दिली नाही.

फिरस्ता. बरं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज माती खाल्ली.

लग्नातलं लोखंडी कपाट. सासऱ्यानंच दिलेलं, आरशाचं. दादानं गावाकडून टेम्पोत घालून पाठवलं, त्याच्या घरी जागा अडते म्हणून. गाडीच्या दारातून ते जात नाही. आडवं केलं, उभं केलं, तिरपं केलं. पायऱ्या आडव्या येतात. मागच्या काचेतून पण नाही. टेम्पोवाला म्हणे, बाहेरच ठेवा अंगणात.

सासऱ्याचं कपाट बाहेर ठेवू? ते बघून काय म्हणतील ते मला तोंडपाठ.

मग मी ठरवलं, मागं, खिडक्यांच्या बाजूला मोठं दार पाडायचं. तसंही स्वतःचं दार पाहिजे ना त्यांना. सलीमभाई ईदच्या कामाला गावी गेलेला. त्याचं ग्राइंडर माझ्याकडं होतं. दोन खिडक्यांच्या मधले दांडे कापले. पहिला कापला, काही नाही. दुसरा कापला, वरून कुईं असा आवाज आला नि छप्पर माझ्या डोळ्यासमोर खाली आलं. हातभर नाही, पण आलं. बाजूची काच तडकून पडली.

मी टेम्पोवाल्यासोबत हातानं छप्पर धरून उभा. दोघं असे उभे, कपाट बाहेर उन्हात. तो म्हणे, मला भाडं हाये दुसरं, सोडू का? शेवटी मामूंच्या गोठ्यातली दोन लाकडी बल्ल्या आणून टेकू दिला.

२५ फेब्रु.

सलीमभाई आला. आत गेला, वर बघितलं, कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मला वाटलं शिव्या देईल. हळूच म्हणाला, "ये खंबे नै थे मियाँ. पसलियाँ थीं."

जीपचा जॅक लावून छप्पर इंचा-इंचानं वर उचललं. मधे लोखंडी चॅनल घातलं, वर आडवी पट्टी, सगळं वेल्डिंग करून दिलं. दुपार गेली. छपराला वळी पडली ती पडलीच, चादरीला पडावी तशी. म्हणलं असू दे.

कपाट आत गेलं. त्याच जागी लाकडी दार बसवलं, दोन फळ्यांचं, कडी-कोयंड्याचं. एका इमारतीचं पाडकाम चालू होतं तिथून आणलं. सलीमभाईनं कडी तीनदा लावून बघितली. म्हणे अब दामाद लगते तुम.

७ मार्च

कावेरीचा फोन. तिच्या शेजारच्या दुकानातून, दुकानदार ऐकत असणार, म्हणून ती तुटक बोलते. मी म्हणलं घर झालं. ती म्हणाली मोरी कुठंय?

मोरी.

म्हणलं करतोय. म्हणाली धूर कुठून जाणार? म्हणलं खिडक्या हायेत. किती? म्हणलं सगळीकडं. "म्हणजे सगळीकडून लोकांना दिसणार," म्हणाली.

मला राग आला. इतकं राबतोय, एक शब्द चांगला नाही. म्हणलं तुला यायचं हाये का नाही ते सांग. तर म्हणाली, "मी एकदा रस्त्यावर आलेय भांड्यांसकट. आता बघून येईन." नि ठेवला.

दिवसभर तिच्याशी मनात भांडलो. संध्याकाळी मोरीच्या विटा आणायला गेलो.

१६ मार्च, रविवार

ड्रायव्हरच्या जागी मोरी केली. तिथं लादी खाली हाये, पाणी आपसूक उतरतं. पाइप मामूंच्या लिंबाच्या झाडाकडं काढला. चूल मागच्या टोकाला, वरच्या हवेच्या झडपेतून धूर जातो. निम्म्या खिडक्यांना आतून पत्रा मारला, निम्म्यांना पडदे. पडदे मी शिवले. सरळ आले नाहीत.

पत्रा दुपारी तव्यासारखा. छपरावर उसाचं पाचट अंथरलं, वर गोणपाट, दोरीनं आवळलं. रस्त्यावरून बघितलं तर गाडीनं टोपी घातल्यासारखी दिसते. कंपनीतली पोरं आली होती. कोणी घंटी वाजवली नाही. एकजण आत आडवा पडून उठायला तयार नव्हता, त्याला पण अशी एक बघायची हाये म्हणे.

दादाला फोन करून सांगितलं, मामांना, म्हणजे सासऱ्यांना, म्हणा, दार झालं. या बघायला. घाबरत नाही मी.

३० मार्च

आले. सासरा नि कावेरी, सकाळची पहिली गाडी, सिल्लोडला बदलून. मी स्टँडवर घ्यायला गेलो. कावेरीच्या हातात एकच पिशवी. ट्रंक नाही. ते मी आधी बघितलं.

सासरे वर चढले, पण चपला घातलेल्याच. काठीनं पत्रा वाजवला. खाली लादी वाजवली. कपाटाला हात लावला. छपराची वळी बघितली, विचारलं काय झालं. सांगितलं खरं खरं. सलीमभाई पायरीवर बसून होता.

मग सासरे मधे उभे राहून म्हणाले, "जावईबापू, मेहनत केली. नाही म्हणत नाही. पण घराला पाया लागतो. हे वाहन हाये. वाहनात कोणी लेक ठेवत नाही."

माझ्या तोंडात लई आलं होतं. तुमच्या पायाच्या घरात माझी बायको वर्षभर लोकांचे टोमणे खात बसलीय, हे पण. गिळलं.

तेवढ्यात कावेरीनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं नि बापापुढं धरलं. पहाटेपासूनचा प्रवास, त्यात हे ऊन. त्यांचा हात पुढं आला पण. मग मागं घेतला.

"नको. लेकीच्या घरचं पाणी घेत नाही मी."

आमच्याकडं लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. बोलायच्या सवयीनं 'घर' आलं तोंडात.  सलीमभाई लिंबाकडं बघायला लागला.

मी म्हणलं, "मामा, वाहनातलं समजून प्या की."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तांब्याकडं बघितलं. कावेरीनं तांब्या मागं घेतला नाही, तशीच धरून उभी.  मग सासऱ्यांनी काठी उचलली, दाराकडं वळले. दार म्हणजे ते नवं, फळ्यांचं. खाली उतरून विचारलं, "हाटेल कुठंय इथं?"

लई वेळ आले नाहीत. मी बघायला गेलो तर हाटेलात पाण्याचे ग्लास रिकामे पुढं ठेवून बसलेले. मला बसा म्हणाले, चहा सांगितला. घराविषयी एक शब्द नाही. परतीच्या एसटीत बसवायला गेलो तेव्हा खिडकीतून म्हणाले, "तिला विचारा. राह्यली तर राह्यली. नाही तर पुढच्या रविवारी येऊन नेतो."

३ एप्रिल

कावेरी हाये. पण राहायला आली असं नाही, बघायला आली असं. पिशवी भरलेली, खुंटीला अडकवलेली. त्यातून लागतं तेवढंच काढते, परत ठेवते.

चूल तिनं हलवायला लावली. धूर झडपेतून जातो हे मी एकट्यानंच ठरवलं होतं, धुराला माहीत नव्हतं. माझे पडदे उसवून सरळ शिवले. काल मोरीतून दोन बादल्या पाणी ओतून बघितलं, मग बाहेर जाऊन लिंबापाशी उभी राहून बघितलं कुठं जातं ते. 

मी विचारलं, मग? म्हणाली, बघतेय ना.

दुपारी शाळेची दोन पोरं गाडीच्या दारात येऊन कंडक्टरसारखी ओरडली. मी उठायच्या आत तीच गेली. म्हणाली, जागा नाही, मागच्या गाडीनं या.

५ एप्रिल, शनिवार

उद्या रविवार. सासरे येतील. आज फर्स्ट शिफ्ट करून आलो तर कावेरी सीटवर बसलेली, मांडीवर आरसा. कपाटाचा नाही, छोटा, तिचा, हातातला. पिशवीतून काढलेला.

म्हणाली, खिळा ठोकायचा कुठं? म्हणलं पत्र्यात खिळा बसत नाही, भोक पाडून स्क्रू मारावा लागतो.

"मग ते भोक बुजतं का परत?"

खरं सांगितलं. नाही बुजत. गंज धरतं कडेनं, डाग राहतो.

ती हूं म्हणाली. आरसा घेऊन उठली, खिडक्यांच्या मधे धरून बघितला, मग चुलीपाशी, मग परत पुढं. तोंड बघत नव्हती त्यात. पत्रा बघत होती.

सलीमभाईकडून ड्रिल आणून ठेवलंय. भाकरी झाल्या, जेवलो, भांडी झाली. आरसा अजून तिच्या हातातच हाये. भोक कुठं पाडू, ते सांगितलेलं नाही.