शिवदासची शेवटची चढाई

मुंबई, ता. १२ नोव्हेंबर १९५४
ती. सौ. राहीताईस चांगदेवचा साष्टांग नमस्कार, वि. वि.
गिरणीत लागलो. नाव घडी खात्यात, पण काम हुतूतूचं. दुपारी मैदानावर पाठवतात. खेळण्याचा पगार मिळतो हे किहीमला बाबांना पटत नाही. होडी सोडून उड्या मारायला गेलास, म्हणाले. जानेवारीत अलिबागला सामने आहेत. भावोजींना पाठव.
तुझा चांगदेव

बोर्ली पंचतन, ता. ३० नोव्हेंबर
चि. चांगदेवास अनेक आशीर्वाद.
हे येतील, बायकांना मैदानावर कोण नेतंय? आमच्या शेजारच्या गोदूबाईंचा शिवदासही तिथे उतरणार आहे. भात झोडून झालं की खळ्यातच दम घुमवत असतो. तुम्ही दोघं समोरासमोर आलात तर मी कुणाची बाजू घ्यायची, ते तूच कळव. अंगाला तेल लावत जा.
तुझी ताई

मुंबई, ता. २ फेब्रुवारी १९५५
ती. ताईस नमस्कार.
भावोजींनी सांगितलंच असेल. शिवदास चढाईला आला, मी कमरेत धरून त्याला पाडला. पकड नियमातली होती. सामना आम्ही जिंकला, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. तो उठत नाहीये, हे मी वरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारला. खेळात असं होतं, असं म्हणून गिरणीच्या साहेबांनी पुढच्या रविवारी मला पुन्हा उतरवलं. समोरचा गडी अंगावर आला आणि माझे हातच पुढे होईनात. गोदूबाईंना भेटायला येऊ का?
चांगदेव

बोर्ली पंचतन, ता. १५ फेब्रुवारी
चि. चांगदेवास आशीर्वाद.
त्यांच्याकडे गेले, पण तुझं नाव काढवेना. त्यांनीच विचारलं, तुझा भाऊ नीट जेवतो का. मग म्हणाल्या, येऊ दे त्याला. थेट त्यांच्याकडे जा, मग इकडे ये.
ताई

किहीम, ता. ६ मार्च
ती. ताईस नमस्कार.
तुला न भेटताच परतलो, रागावू नकोस. खेळणार नाही म्हटल्यावर गिरणीतूनही नाव गेलं. आता बाबांबरोबर होडीवर जातो. त्यांनी वल्ह्यापाशी सरकून जागा दिली.
गोदूबाईंनी भाकरी वाढली आणि शिवदास कसा खेळायचा ते सांग, म्हणाल्या. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्याने आमचे दोन गडी बाद केले, हसत परत गेला, लोक त्याचं नाव घेऊन ओरडले, सगळं सांगितलं. शेवटची चढाईही सांगितली. त्यांनी थांबवलं नाही. निघताना म्हणाल्या, पुन्हा येऊ नको पोरा, तू आलास की मी दर वेळी हेच विचारत बसेन.
तू मात्र त्यांच्याकडे जात जा. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझा चांगदेव