गुराख्यांना फसवणारा पक्षी

४ जून
सरपंच एउतिकियो झऱ्याजवळच्या भिंतीवर पक्ष्यांच्या रंगीत फरशा बसवणार. प्रत्येकीवर पक्ष्याचं नाव आणि ते कसं पडलं त्याची माहिती. ‘एंगान्यापास्तोरेस’ या पक्ष्याची फरशी मीच लिहिणार. खाली माझं नाव. शब्दकोश पाठ असलेला दुसरा न्हावी गावात आहे का? दुसरा न्हावीच नाही.

५ जून
शब्द सोपा. ‘फसवतो’ अधिक ‘गुराखी’. अडाणी समजूत अशी, की हा पक्षी पंख मोडल्याचं सोंग करतो आणि गुराख्याला पिल्लांपासून लांब नेतो. भंकस! माझी थिअरी : गुराखी झोपतात, शेळ्या भरकटतात, खापर पक्ष्यावर. शब्दाचं मूळ आळसात आहे. दाढी करताना एउतिकियोला सांगितलं. वस्तरा गळ्यावर होता, त्यामुळे त्याने मध्ये तोंड घातलं नाही.

११ जून
थिअरी शेळ्या राखणाऱ्या फेर्मिनावहिनीच्या कानावर गेली. भडकली. म्हणाली, भावोजी, जन्मात कधी शेळी राखलीत का? उद्या माझ्या न्या, मग बघू कोण झोपतं ते. नेतो की! थर्मासभर कॉफी घेणार.

१२ जून, संध्याकाळ
शेळ्या शिस्तीत चरताहेत. यात कसली आली विद्या?
पायाशीच एक पक्षी फडफडतोय. डावा पंख मोडलाय, अगदी स्पष्ट. नमुना म्हणून धरतो.

१२ जून, घरी
पक्ष्याची तब्येत एकाएकी सुधारली. उडाला.
शेळ्या एउतिकियोच्या द्राक्षमळ्यात.

१३ जून
एउतिकियोने बारमध्ये चारचौघांत विचारलं, लेआंद्रो, झोपला होतास की फसलास? फसलो म्हणावं तर थिअरी मेली. ठणकावून सांगितलं, झोपलो होतो. गाढ! थिअरी सिद्ध.
तेवढ्यात वहिनीने माझी टोपी टेबलावर आपटली. ओढ्यापलीकडच्या काटेरी झुडपात सापडली म्हणे. अय्या भावोजी, झोपेत ओढा ओलांडलात? तोही थर्मास सांभाळून?
लोक खिदळले. अशा लोकांसमोर शास्त्र मांडायचं!

२९ जून
फरशी लागली. अर्थ तोच, अडाणी. खाली चित्र : पुढे पक्षी, मागे हात पसरून धावणारा एक टोपीवाला. टोपीवाल्याखाली माझं नाव.
माझी टोपी तपकिरी आहे. गाढवांनी काळी रंगवलीय. उद्याच तक्रार करतो.