चौथ्या मजल्यावरची बेल

ऐरोली, ऑक्टोबर १९९९

प्रिय दादा,

घडले ते प्रथम क्रमाने मांडते, कारण घरात प्रत्येकजण ते वेगळे सांगतो. कारगिलहून तुला रुग्णालयात हलवले आणि तुझा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून आईबाबांनी वामनकाकांशी घरांची अदलाबदल केली. खाली डासांना कंटाळलेले ते चौथ्या मजल्यावर गेले, आपण तळमजल्यावर आलो. तुला आल्यावरच सांगायचे ठरले. तूही कमी नाहीस. सोमवारी येतो असे कळवून शनिवारीच एकटा रिक्षाने आलास, कुबड्यांवर चारही मजले चढलास आणि बेल वाजवलीस.

"अरे अभिराम, तुमचं घर आता खाली! तुला कुणी बोललं नाय?"

वामनकाकांचा तो आवाज जिन्यात घुमला, तेव्हा आम्हाला कळले की तू आलास. आई खोक्यांमध्ये ओवाळणीचे ताट शोधू लागली. तू तेवढेच मजले उतरलास, आत मात्र आला नाहीस. "पाय गेलाय आई, वाचा नाही गेली. विचारायचं तरी!" म्हणालास आणि खाली थांबलेल्या त्याच रिक्षाने तुझ्या मित्राच्या, रूपेशच्या, पावणे गावातल्या वर्कशॉपवर गेलास.

आई याला काळजी म्हणते. ज्याची काळजी करायची त्यालाच न विचारता केलेल्या गोष्टीला मी तो शब्द वापरणार नाही. पण न कळवता येणे हेही शहाणपणाचे नव्हते. काल रूपेश येऊन म्हणाला, "बरा हाय तो. पन घराचं नाव काढलं का मशीन चालू करतो." आई हसली नाही. इथे कशातच लक्ष लागत नाही. खोकी तशीच आहेत. परवा भाजीची पिशवी घेऊन मी थेट चौथ्या मजल्यावर गेले आणि बेलवर बोट ठेवून तशीच उभी राहिले. दाबली नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की घरांचा करार अजून नोंदवलेला नाही. रविवारी वामनकाका वरचा ओटा फोडणार आहेत. त्याआधी सांगितल्यास ते परत खाली यायला तयार आहेत. मी विचारून घेतले आहे. वर की खाली, हे तू ठरव. खाली म्हणालास तर खोकी मी उघडीन. वर म्हणालास तर जिन्यात तुला कोणी हात देणार नाही, ही हमी माझी. तोंडी काही सांगू नकोस. तुझ्या "बघू"चा आई लगेच "हो" करते. सोबत कोरा कागद आहे. एक ओळ पुरे, पण ती तुझ्या हातची आणि खाली सही करून, शनिवारपूर्वी रूपेशबरोबर पाठव.

तुझीच,
वैदेही