लोणच्याच्या बरणीचं झाकण

मंगळवार, जेवणानंतर. कोथरूड.

प्रबंधासाठी निरोगी माणसांच्या मुठीची ताकद मोजायची, म्हणून आज घरापासूनच सुरुवात केली. कशाला केली? बाबांनी दात-ओठ खाऊन यंत्राची मूठ आवळली, तरी काटा जेमतेम हलला. "तुझं यंत्र बिघडलंय," म्हणाले. मग आईची पाळी. तिचा काटा बाबांच्याही खाली! ती जोर लावतच नव्हती, मला दिसत होतं. नंतर मी स्वतः दाबून पाहिलं. यंत्र ठणठणीत आहे.

जेवताना आईने नेहमीसारखी लोणच्याची बरणी बाबांपुढे केली. "अहो, झाकण निघत नाहीये." बाबांनी एका झटक्यात काढलं, माझ्याकडे बघून हसलेही. ते झाकण...

मागचं आवरताना आईला विचारलंच, "झाकण आधीच सैल केलं होतंस ना? कधीपासून करतेस?"

"दिवाळीपासून. हळू बोल."